कंपनी फुकट बसवून देते, मग वर्गणी कशाला?

प्रश्न : आमची नाशिकची ३२ फ्लॅटची सोसायटी, इमारत १९९४ची. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे मिळून कॉमन मीटरवर महिन्याला १,५०० युनिटं पडतात. एक कंपनी गच्चीवर स्वखर्चाने सोलर बसवून २५ वर्षं स्वस्तात वीज द्यायला तयार आहे. कमिटीतले दोघे म्हणतात, वर्गणी काढून आपलंच बसवू. फुकट मिळत असताना ही कटकट कशासाठी? – एक सेक्रेटरी

उत्तर : कटकट आहे, हे आधीच कबूल करतो. वीजखात्यात नोकरी करून निवृत्त झालो, तरी ठाण्यातल्या आमच्या २४ बिऱ्हाडांना पटवताना माझी दमछाक झाली.

पहिल्या सभेत मी आकडे मांडले. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी एकच विचारलं, "माझ्या कुरडया कुठे वाळत घालू?" सगळे हसले आणि ठराव बारगळला. पुढच्या रविवारी खडू घेऊन गच्चीवर गेलो आणि कोण काय कुठे वाळवतं ते आखलं. पॅनल उंच मांडवावर चढवायचा माझा बेत होता, पण मांडवाखाली सावली, तिथे कुरडई कशी वाळणार? शेवटी पश्चिमेची पट्टी मोकळी सोडली. पंधराऐवजी बारा किलोवॅटच बसले, पण दुसऱ्या सभेत ठराव एकमताने झाला.

तुमचंही बारात बहुतेक भागेल. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतो, म्हणजे महिन्याला १,४००च्या वर. पावसाळ्यात कमी. जागा हजार-बाराशे चौरस फूट. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, तुमचे २,१६,००० होतील. उरलेली रक्कम तीन हप्त्यांत घ्या. मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या सिंकिंग फंडाला मात्र हात लावू नका, इमारत तीस वर्षांची आहे.

आता काकूंचंच पुढे सांगतो. दर सोमवारी रीडिंग घेऊन फळ्यावर लिहायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. डिसेंबरात त्या म्हणाल्या, युनिटं घटलीत. ठेकेदार म्हणाला, थंडीत असं होतंच. त्या दुपारी तीनला गच्चीवर गेल्या, तर लिफ्टच्या खोलीची सावली दोन पॅनलवर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, सावली लांबते. पॅनल एका माळेत जोडलेले असले की एकावरच्या सावलीने अख्खी माळ ढेपाळते. दोन पॅनल हलवले आणि आकडा वर आला. कंपनीचं असतं तर तिनेही पाहिलं असतं, नुकसान तिचंच. फक्त आपल्या गच्चीवर काय चाललंय ते आपल्याला कळलं नसतं. मला ही गोष्ट पैशाइतकीच मोठी वाटते, तुम्हाला वाटेलच असं नाही.

"सामान्य माणसांना हे झेपतं का?" हा तुमच्या पत्राचा सूर. गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. तिथे सहा शेतकऱ्यांनी मिळून सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालवून उरलेली वीज एका सामाईक मीटरमधून वीज कंपनीला जाते, युनिटला ४ रुपये ६३ पैसे, करार २५ वर्षांचा. पैसे मंडळीकडे येतात आणि ज्याची जेवढी वीज तेवढे त्याला. वीज विकली तर पैसे मिळतात म्हटल्यावर गरज नसताना पंप कोण चालू ठेवेल? पाणी उपसण्यावर आपोआप लगाम बसावा, ही त्यामागची कल्पना. दूध संघाचा हिशेब ठाऊक असलेल्या मुलखात हे समजायला फार अवघड नसावं. आपल्याकडेही ऊस घालून कारखान्याचे सभासद झालेली घरं कमी आहेत का?

तरीही वर्गणी जमतच नसेल, निम्मे फ्लॅट भाड्याने असतील आणि मालक फोनच उचलत नसतील, तर कंपनीचा रस्ता वाईट नाही. पण करार २५ वर्षांचा आणि इमारत १९९४ची. मध्येच पुनर्विकास निघाला तर पॅनल कोण उतरवणार, उरलेल्या वर्षांची भरपाई सोसायटीकडून मागणार का? वीजदर दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल? ही दोन कलमं सभेत मोठ्याने वाचून घ्या. नाहीतर त्या पानांची झेरॉक्स मला पाठवा, वाचून कळवतो.