बातमीतला आकडा कुठल्या घरांचा?

प्रश्न : 'वर्षभरात घरांची सरासरी किंमत ११ टक्क्यांनी वाढली' अशी बातमी वाचली. पण आम्ही जी लहान घरं पाहतोय, त्यांचे मालक गेल्या वर्षीपेक्षा कमी भावाला तयार होताहेत. मग बातमी खोटी समजायची का?

बातमी खरी आहे आणि तुम्हाला दिसतंय तेही खरं आहे. दहा घरं घेऊन हिशेब मांडून पाहा. समजा, गेल्या वर्षी ४० लाखांची सहा लहान घरं विकली गेली आणि ७० लाखांची चार मोठी. एकूण ५२० लाख, म्हणजे सरासरी ५२ लाख. यंदा प्रत्येक घर ५ टक्क्यांनी उतरलं. लहान घर ३८ लाखांवर आलं, मोठं साडेसहासष्टवर. पण कर्ज महागल्यामुळे लहान घरांचे ग्राहक मागे सरले. लहान तीनच विकली गेली, मोठी सात. आता बेरीज होते ५७९.५ लाख आणि सरासरी जवळपास ५८ लाख. दहाच्या दहा घरं स्वस्त झाली, तरी मथळा '११ टक्के वाढ' असाच येणार, कारण विकल्या गेलेल्या घरांची सरमिसळ बदलली.

काही अहवाल सरासरीऐवजी मध्यक देतात, म्हणजे सगळ्या किमती चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारी किंमत. एखाद्या आलिशान बंगल्यामुळे आकडा फुगत नाही, हा त्याचा फायदा. सरमिसळीचा दोष मात्र मध्यकानेही जात नाही. वरच्याच उदाहरणात मध्यक ४० वरून थेट साडेसहासष्टवर उडी मारतो, म्हणजे सरासरीपेक्षा जास्त फसवतो.

यावरचा चांगला तोडगा बेली, म्युथ आणि नोर्स या अभ्यासकांनी १९६३ मध्ये मांडला : तेच घर पुन्हा विकलं जाईल तेव्हा त्याची आधीची आणि आताची किंमत ताडून पाहायची. पुढे कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर यांनी याच पद्धतीवर अमेरिकेतल्या घरांचा निर्देशांक उभा केला. त्यातही उणिवा आहेत. मधल्या काळात मालकाने स्वयंपाकघर नवं करून घेतलं असेल, तर तो खर्चही 'भाववाढ' म्हणून मोजला जाऊ शकतो. नवं बांधलेलं घर दुसऱ्यांदा विकलं जाईपर्यंत हिशेबात येतच नाही. शिवाय हा निर्देशांक तीन महिन्यांची सरासरी घेतो आणि सुमारे दोन महिन्यांनी जाहीर होतो.

म्हणून बातमीत आधी हे शोधा : कुठल्या आकाराची घरं, किती व्यवहार आणि मोजण्याची पद्धत कोणती. मूळ अहवालात आकारानुसार तक्ता असेल, तर तुमच्या आकाराची ओळ तेवढी वाचा. त्या ओळीत पंधरा-वीसच व्यवहार असतील, तर टक्केवारीवर विसंबू नका. चार घरं इकडची तिकडे झाली की ती पार बदलते.

प्रश्न : 'भाववाढ ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर घसरली.' म्हणजे किमती उतरल्या ना?

नाही. किमती अजून चढताहेत, चढण्याचा वेग तेवढा कमी झाला. मात्र त्याच वर्षी महागाई ५ टक्के असेल, तर इतर वस्तूंच्या मानाने घर सुमारे २ टक्क्यांनी स्वस्त झालं. बातमीतला आकडा महागाई वजा करून दिलाय की तसाच, हे तपासल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करू नका. ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांच्या किमतींचा १६२८ ते १९७३ असा दीर्घ अभ्यास झालाय. महागाई वजा केल्यावर एवढ्या काळात तिथल्या किमती जेमतेम दुप्पट झालेल्या दिसतात.

प्रश्न : घरविक्री २० टक्क्यांनी घटल्याचं सगळीकडे छापून आलंय. भाव पडेपर्यंत थांबावं का?

नुसत्या विक्रीच्या आकड्यावरून थांबू नका. विक्री घटली की मालक लगेच भाव पाडत नाहीत. ज्यांना घाई नसते ते घर बाजारातून काढून घेतात. त्यामुळे विक्रीसोबत शिल्लक घरांचा आकडाही हवा. बाजारात असलेल्या घरांना महिन्याच्या विक्रीने भागा. ९०० घरं उपलब्ध असतील आणि महिन्याला १५० विकली जात असतील, तर साठा सहा महिन्यांचा. आता विक्री २० टक्क्यांनी घटून १२० वर आली, पण उपलब्ध घरंही ६०० च उरली, तर साठा पाच महिन्यांचा झाला. मथळा मंदीचा, आणि घर घेणाऱ्याच्या हातात निवड आधीपेक्षा कमी!

सहा महिन्यांच्या आसपासचा साठा सर्वसाधारणपणे समतोल मानला जातो. त्याहून बराच कमी असेल तर विकणाऱ्याचं पारडं जड, बराच जास्त असेल तर घेणाऱ्याचं. हा भागाकार तुमच्या भागापुरता आणि तुमच्या आकाराच्या घरांपुरता करा. 'घटली' म्हणजे कशाच्या तुलनेत, तेही पाहा. घरविक्रीला हंगाम असतो, म्हणून लागोपाठच्या दोन महिन्यांची तुलना फसवी ठरू शकते. मागच्या वर्षीचा तोच महिना बरा. पण त्या महिन्यात एखादी करसवलत संपणार म्हणून झुंबड उडाली असेल, तर यंदाची घट दिसते त्याहून किरकोळ आहे.

प्रश्न : व्याजदर एका टक्क्याने वाढले तर माझ्या अंदाजपत्रकाला किती फटका बसेल?

वीस वर्षांच्या कर्जावर दर ८ चा ९ झाला, तर मासिक हप्ता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो. हप्ता तेवढाच ठेवायचा असेल, तर कर्ज सुमारे ७ टक्क्यांनी कमी घ्यावं लागेल. बातमीतला दर बहुतेकदा मध्यवर्ती बँकेचा असतो. तुमचं कर्ज त्याला थेट जोडलेलं नसेल, तर बदल उशिरा किंवा अर्धवट पोहोचतो. करारात 'दर कधी बदलणार' हे कलम कुठे आहे ते शोधून ठेवा.

प्रश्न : आम्हाला घर विकायचंय. शेजारच्या तेवढ्याच घराची जाहिरात ८० लाखांची आहे. आम्हीही तेवढेच मागावेत का?

८० लाख ही त्या मालकाची अपेक्षा झाली. ती कुणी मान्य केली की नाही, हे जाहिरातीवरून कळत नाही. 'बाजारात अमुक भाव चाललाय' अशा कित्येक बातम्याही जाहिरातींतल्या मागण्या गोळा करून लिहिलेल्या असतात. जी घरं विकली जात नाहीत ती जाहिरातींत महिनोन्‌महिने राहतात, आणि योग्य भावाची लवकर निघून जातात. त्यामुळे कुठल्याही दिवशी जाहिरातींची सरासरी काढली, तर ती चढीच येण्याचा संभव असतो.

तुम्ही प्रत्यक्ष नोंदणी झालेले पाच-सहा व्यवहार मिळवा : त्याच परिसरातले, मागच्या सहा महिन्यांतले, आकारात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसलेले. प्रत्येकाची किंमत चटईक्षेत्राने भागा. एकाचं क्षेत्र भिंती आणि जिना धरून दिलेलं असेल आणि दुसऱ्याचं नुसत्या खोल्यांचं, तर तुलना फसते. ही चूक फार होते, म्हणून कागदावरचं मोजमाप वाचल्याशिवाय भागाकार करू नका. मग मजला, वाहनतळ, उजेड आणि दुरुस्ती यांनुसार कमी-जास्त करा. नोंदणीची तारीख आणि भाव ठरल्याची तारीख यांत कर्जमंजुरीमुळे दोन-तीन महिने सहज जातात, तेवढी पिछाडीही धरा.

भाव लावल्यावर पहिले तीन आठवडे नीट नोंद ठेवा. लोक घर पाहायलाच येत नसतील, तर बहुधा तुम्ही मागितलेली किंमत जास्त आहे किंवा जाहिरातीतले फोटो वाईट आहेत. लोक येतात, पण भावाचं बोलणं निघत नाही, तर घरात काहीतरी खटकतंय. ओल, वास, अंधारी खोली यांपैकी काय, ते पाहून गेलेल्या दोघातिघांना विचारून घ्या. बोलणं होतं आणि सगळे एकाच आकड्याच्या आसपास अडतात, तर बाजारभाव बहुधा तोच. तेव्हा दर आठवड्याला थोडं थोडं उतरण्यापेक्षा एकदाच त्या आकड्याजवळ या. पुन्हा पुन्हा उतरणारी किंमत पाहिली की ग्राहक आणखी वाट पाहत बसतो.