हलक्या बॅरलची परीक्षा गार असतानाच घ्यावी

आपल्या हलक्या बॅरलच्या रायफलचे पहिले तीन राउंड १०० मीटरवर एकमेकांना लागून बसतात, चौथ्यापासून मात्र ते वर चढत जातात आणि नाशिकमधील दुरुस्तीवाल्याने बॅरल बदलण्याचा सल्ला दिला आहे, असे आपण लिहिले आहे. याच तक्रारीने मला बराच काळ छळले आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की बॅरलला एवढ्यात कोणालाही हात लावू देऊ नका.

राउंड सगळीकडे विखुरत असते, तर गोष्ट वेगळी होती. ते एकाच दिशेने सरकत असतील, तर पहिला संशय उष्णतेचा घ्यावा. बारीक बॅरलमध्ये पोलाद कमी असल्याने ते लवकर तापते. घडवताना धातूत राहिलेला ताण असमान सुटला किंवा बॅरल स्टॉकला, म्हणजे रायफलच्या लाकडी दांड्याला, कुठे टेकले, की नेम हलतो.

मी ज्या कार्यशाळेत रायफल दिली, तिथल्या तपासनिसाने मे महिन्यातल्या भर दुपारी सलग दहा राउंड झाडले, कागदावरची उभी रांग माझ्यापुढे धरली आणि ‘बॅरल गेले’ असा निकाल दिला. बॅरल किती तापले होते आणि काडतुसे कोणत्या लॉटची होती, याची नोंद त्यांनी ठेवली नाही. स्टॉक उतरवून पाहण्याची तसदीही घेतली नाही. क्राउन, म्हणजे बॅरलच्या तोंडाची कड, नव्याने कापला, भरपूर पैसे घेतले आणि रांग होती तशीच राहिली. पुढे एका जाणकाराने स्टॉक उतरवला, तेव्हा बॅरल बसते त्या खाचेच्या तळाशी, स्टॉकच्या टोकापासून दोन बोटे आत, लाकूड घासून चकाकत असलेले दिसले. तापलेले बॅरल तिथेच टेकत होते. इतकी साधी तपासणी न करता धातू कापणाऱ्यांची मला आजही चीड येते.

चाचणी पहाटेच्या गारव्यात, सावलीत घ्यावी. तीन राउंड झाडावेत, बोल्ट उघडा ठेवावा, चेंबरपुढचा (काडतूस बसते त्या कप्प्यापुढचा) भाग हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे आणि पुढचे तीन त्याच कागदावर, त्याच नेमावर झाडावेत. तीनच राउंडच्या एका सुंदर ग्रुपवर, म्हणजे कागदावरच्या छिद्रांच्या पुंजक्यावर, विसंबू नये. तीच रायफल पाच राउंडला सरासरीने सुमारे सव्वापट मोठा ग्रुप देते. गार बॅरलचा पहिला राउंड दर वेळी कुठे लागतो, हे वेगळ्या शाईने नोंदवावे, कारण हलकी रायफल घेतो ती त्या राउंडसाठीच.

मी बंदूक-कारागीर नाही आणि आपली रायफल मी पाहिलेली नाही. बेडिंगचे, म्हणजे रायफल स्टॉकमध्ये नीट बसवण्याचे, काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे. क्राउन कापताना बॅरलची लांबी घटते आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बॅरल आखूड करता येत नाही, हेही कारागिराला आधीच विचारून घ्यावे.