ब्लोअरची टाकी ओढ्यावर धुऊ नका

दादा, तुम्ही विचारलंय की द्राक्षावर थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) लॅम्बडा हे कीटकनाशक मारून फवारणीच्या ब्लोअरची टाकी ओढ्यावर धुतली आणि दुसऱ्या दिवशी डोहातले मासे उताणे पडले. औषध किडीचं, डब्यावरचा त्रिकोणही लाल नाही, मग मासे कसे मेले?

आधी त्रिकोणाचं. तो रंग औषध पोटात गेलं तर माणसाला, जनावराला किती घातक, हे सांगतो. माशांचा त्यात हिशोबच नसतो. माशांसाठीची सूचना आतल्या घडीपत्रकात बारीक अक्षरात असते आणि ते पत्रक आपण डब्याबरोबर फेकून देतो.

आता हिशोब करू. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के, १०० लिटरला २५ मिली. टाकीच्या तळाशी ५ लिटर उरलं, तर त्यात सव्वा मिली औषध, म्हणजे सुमारे ६० मिलीग्रॅम विष. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद, १ मीटर खोल डोहात ६० हजार लिटर पाणी असतं. तिथे लिटरमागे १ मायक्रोग्रॅम झालं. कार्पसारख्या माशांपैकी निम्मे चार दिवसांत मरायला याच्या निम्मं प्रमाण पुरतं. यातलं बरंचसं औषध गाळाला चिकटतं हे खरं, पण पहिले काही तास ते पाण्यातच असतं आणि मासा ते कल्ल्यांतून ओढतो. हे औषध नसांवर काम करतं. किडीच्या नसा आणि माशाच्या नसा त्याला सारख्याच, आणि माशाच्या अंगात ते लवकर मोडत नाही.

पण मला माशांपेक्षा जास्त काळजी न दिसणाऱ्यांची आहे. ओढ्यातला दगड उलटा करून बघा. खालच्या बाजूला चतुराच्या आणि इतर पाणकिड्यांच्या अळ्या चिकटलेल्या असायला हव्यात. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक पाण्यात सहज विरघळतं, जमिनीत महिनोन्‌महिने राहतं आणि पावसाबरोबर हळूहळू ओढ्यात उतरतं. त्याने मासा लगेच मरत नाही, पण या अळ्या संपतात, आणि मग त्यांच्यावर जगणारे मासे, बेडूक, पक्षी उपाशी राहतात. युरोपने २०१८ मध्ये त्याचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मुख्यतः मधमाशांसाठी.

आपल्या निफाड-दिंडोरीकडचे ओढे कादवा नदीला मिळतात, आणि कादवा-गोदावरीच्या संगमावर नांदूरमधमेश्वर आहे. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ; २०२० मध्ये ते जाहीर झालं. तिथले शेकाटे आणि तुतारी हे पक्षी याच पाणकिड्यांवर जगतात. फळछाटणीनंतर आपल्या फवारण्या सुरू होतात, त्याच सुमारास थंडीचे पाहुणे पक्षी येतात. मला हे दरवर्षी डाचतं.

मी काय करतो ते सांगतो. टाकीत उरलेल्यात स्वच्छ पाणी घालून ते मागे राखून ठेवलेल्या दोन ओळींवर मारतो. असं तीन वेळा. टाकी बागेतच धुतो, विहिरीपासून लांब, गवत असलेल्या जागी. पाणी भरताना पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडू देत नाही, नाहीतर मोटार बंद पडली की औषध उलटं विहिरीत जातं. ओढ्याकडच्या बांधावर चार-पाच मीटर गवत ठेवलंय. तिथे एक ओळ कमी लागली, पण त्याचं मला वाईट वाटत नाही. पावसाचा अंदाज असला की ब्लोअर काढत नाही, औषध वाया जातं ते वेगळंच.

मेलेले मासे कोणालाही खाऊ देऊ नका, जनावरंही तिथे पाण्यावर नेऊ नका. आणि डोहाच्या वरच्या बाजूचे दहा दगड, खालच्या बाजूचे दहा दगड उलटून त्यांवरच्या अळ्या मोजा. खाली काहीच मिळालं नाही, तर महिन्याभराने पुन्हा मोजा आणि इथे लिहा.