४० जणांचा सर्व्हर : लिनक्स की विंडोज?

प्रश्न : आमच्या संस्थेत ४० जण काम करतात. सामायिक फाइली आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर यांसाठी नवा सर्व्हर घ्यायचाय. विक्रेत्याने विंडोज सर्व्हरचं कोटेशन दिलंय. सहकारी म्हणतात, लिनक्स फुकट असताना हा खर्च कशाला? पाच वर्षांत खरं स्वस्त काय पडेल?

उत्तर : आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विचारा, ते लिनक्सवर चालतं का? 'नाही' म्हणाले तर निदान त्या कामापुरता प्रश्न मिटला.

आता कोटेशन. विंडोज सर्व्हर कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे किती भाग आहेत त्यावर, विकलं जातं. प्रोसेसर ८ कोअरचा असला तरी किमान १६ कोअरचे पैसे पडतात. शिवाय वापरणाऱ्या प्रत्येकासाठी कॅल, म्हणजे वापराचा परवाना, वेगळा. कोणी रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे आपल्या संगणकावर सर्व्हरचा पडदा उघडून, हिशेब पाहणार असेल तर त्याची आरडीएस कॅल (रिमोट डेस्कटॉपचा परवाना) आणखी वेगळी. ही ओळ कोटेशनमधून गळलेली मी अनेकदा पाहिलीय. मग खरेदी मंजूर झाल्यावर छोट्या संस्थांची जी ओढाताण होते, तिचा मला मनापासून राग येतो.

लिनक्सवर सांबा हे फाइली सामायिक करणारं सॉफ्टवेअर टाकलं की फाइलींचं काम यातलं काही न भरता होतं. माहिती साठवणाऱ्या पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसलाही लायसन्सचे पैसे नाहीत. पण सिक्युरिटी अपडेट कोण टाकणार? रात्री डिस्क भरली तर लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, कोण वाचणार? पोस्टग्रेस्क्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षं सांभाळली जाते, तेव्हा एक अपग्रेड धरूनच चला. शिवाय मुदत मध्येच बदलू शकते. सेंटओएस ८ या फुकट लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी ते बसवलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर ते बंद. त्याच्या जागी रॉकी आणि आल्मा लिनक्स आले, लायसन्सचा खर्च शून्यच राहिला, पण सर्व्हर हलवण्यात माणसांचे तास गेलेच. विकतचं घेऊनही यातून सुटका नाही : एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने घेतल्यावर तिथली कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद झालं.

लिनक्स रोज हाताळणारा एक जण आणि तो रजेवर असताना सांभाळणारा दुसरा, असे दोघे तुमच्याकडे असतील तर मी बेधडक लिनक्स सांगेन. नसतील तर बाहेरच्या जाणकाराशी वार्षिक करार करा, किंवा रेड हॅट वा उबुंटू या लिनक्सचा सशुल्क सपोर्ट घ्या, आणि ती पाच वर्षांची रक्कम विंडोजच्या रकमेशेजारी मांडा.

एक मात्र करू नका. देखभालीच्या माणसाचा सगळा पगार लिनक्सच्याच रकान्यात टाकणारा तक्ता कोणी पुढे केला, तर तो मान्य करू नका. अपडेट टाकणं, बॅकअप परत उतरवून बघणं ही कामं विंडोजलाही चुकत नाहीत. कॅल आणि आरडीएस कॅलचे आकडे मात्र विक्रेत्याकडून आजच लेखी मागवा.