मैत्रिणींना भेट द्यायला काचेच्या ग्लासांवर घरच्या घरी नावं कोरता येतील का?

येतील. सहा मैत्रिणी, प्रत्येकीचं नाव मराठीत आणि हाताशी कुठलंच यंत्र नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी एचिंग क्रीम सगळ्यांत सोयीचं. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालून देतात तसं इथे टोचावं लागत नाही. क्रीममधले बायफ्लोराइडचे क्षार काचेतलं सिलिका खातात आणि तेवढाच भाग दुधी काचेसारखा धूसर होतो.

ग्लास साधे, गुळगुळीत आणि सरळ उभे घ्या. कटिंग चहाच्या ग्लासाला खाचा असतात. स्टिकर तिथे नीट बसत नाही आणि क्रीम खालून शिरतं. अ‍ॅक्रिलिकवर तर काहीच उमटत नाही.

खरी मेहनत आहे ती अक्षरांची. नाव कापून स्टेन्सिल केलं की ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातले तुकडे सुटे होतात आणि चिमट्याने एकेक जागेवर बसवावे लागतात. म्हणून मी उलट करते. नावाचाच स्टिकर काचेवर लावते, त्याच्याभोवती लंबगोल मोकळा ठेवते आणि तो लंबगोल धूसर करते. नाव मधे पारदर्शक राहतं. शिरोरेघेमुळे बहुतेक नावं अख्खी एका तुकड्यात उचलली जातात; काना, मात्रा, वेलांटी, ‘ग’ आणि ‘ण’ यांचे सुटे भाग सगळे तिलाच धरून असतात. अनुस्वार तेवढा वेगळा लावायचा. हे स्टिकर कापून घ्यायला गाड्यांच्या नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. जाड वळणाचा फॉन्ट द्या, बारीक टोकं उचलताना फाटतात.

ग्लास साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून कोरडा करा. स्टिकरच्या कडा नखाने दाबून घ्या, लंबगोलाबाहेरची काच टेपने झाका आणि क्रीमचा जाड थर द्या. किती मिनिटं ठेवायचं ते डबीवर असतं, तेच पाळा. पाण्याची धार सोडली की ओल्या काचेवर काहीच उमटलं नाही असं वाटेल. घाबरू नका, वाळल्यावर धूसरपणा दिसतो. ओठ लागतात ती कड आणि आतली बाजू मात्र कोरीच ठेवा.

आता सुरक्षेचं, आणि हे कृपा करून मनावर घ्या. हे क्षार ओलाव्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतात. ते कातडीतून आत जातं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि वेदना कधी कधी तासांनी सुरू होते. रबरी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, यांतलं काही सोडू नका. कातडीला लागलं तर दुखत नसलं तरी लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि क्रीमची डबी घेऊन डॉक्टरकडे जा. घरात लहान मूल असेल तर ते झोपलेलं असताना नव्हे, ते घरात नसताना काम करा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर नकोच, ग्रॅनाइटलाही डाग पडतो. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये काम करा, प्लास्टिकच्या टबात धुवा. चिनी मातीचं बेसिनही खराब होतं.

क्रीम नकोच असेल तर हिऱ्याची टोकं असलेलं छोटं रोटरी टूल मिळतं. काच ओली ठेवून आणि चांगला मास्क लावून वापरा, कारण काचेची धूळ फुप्फुसांना वाईट. खोल ओरखड्याने काच कमकुवत होते, त्यामुळे असे ग्लास गरम चहासाठी देऊ नका. सरबत, पन्हं, कोकम यांना उत्तम.

नावाखाली तारीख घालू का, असंही विचारलंय. लग्न किंवा वास्तुशांत असेल तर जरूर घाला. एरवी मी नुसतं घरातलं हाक मारायचं नाव घालते, आणि ते मैत्रिणींना फार आवडतं. देताना एवढं सांगा, की तारेच्या घासणीने घासू नका.