जॅमवर आळ घेण्याआधी लोणी कढवून बघा

भावाच्या हळदीला पाहुण्यांच्या हातात द्यायला शंभरेक जॅमच्या बटर कुकीज, सगळं घरचं, हापूसचा जॅमसुद्धा घरचा. आणि करून बघितल्या तर कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या, जॅम वाहत जाऊन ट्रेवर जळला, उरल्यासुरल्या दुसऱ्या दिवशी मऊ. तुमचं हे वाचलं आणि मला माझाच मे महिना आठवला. चौघांनी तुम्हाला सांगितलंय की जॅम पातळ आहे, पेक्टिन (फळातलं, जॅम घट्ट धरवणारं द्रव्य) घाला. घालू नका असं मी म्हणत नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की लोणी घरच्या म्हशीचं. ते कुणी वाचलेलं दिसत नाही.

आधीच सांगते, मी काही बेकरीवाली नाही. कुडाळजवळ राहते, घरी साधा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन आहे, चुका करत शिकले. तुमचा ओव्हन कसा तापतो ते मला ठाऊक नाही, त्यामुळे मिनिटं इकडची तिकडे होतील.

मैदा चाळा, बटर-साखर फेटा हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते. प्रमाण तुम्ही लिहिलंय तेच माझंही: वजनाने साखर १, बटर २, मैदा ३. फक्त त्यातलं ते '२' म्हणजे पाकिटातलं बटर. त्यात साधारण ८० टक्के स्निग्ध असतं आणि पाणी १६ टक्क्यांच्या आसपास. घरच्या लोण्यात पाणी किती, ते कोण सांगणार?

दिराच्या मुलीचा साखरपुडा होता. सासूबाई म्हणाल्या, घरात लोणी असताना विकतचं कशाला. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. व्याह्यांना सांगायला बरं वाटतं ना, की लोणीसुद्धा घरचं. पहिला ट्रे बाहेर काढला. सासूबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "गो, ही बिस्किटां हत की घावने?" घावनेच होते ते, जाळीसकट.

मी आळ घेतला जॅमवर. परत आटवला. दुसरा ट्रे तसाच. मग हट्टाला पेटून जॅम इतका आटवला की पातेल्यात चमचा उभा राहिला. तिसऱ्या ट्रेत कुकी पसरलीच, वर जॅमची भाजून आंबावडी झाली, आणि चवीला म्हणून घेतलेल्या तुकड्यात सासऱ्यांची कवळी अडकली. पेटीतले शेवटचे दीड डझन हापूस गेले, सव्वा किलो लोणी गेलं, दोन रात्रींची झोप गेली. साखरपुड्याला व्याह्यांच्या हातात बाजारातल्या खाज्यांच्या पुड्या ठेवल्या. खाजं मला आवडतं, पण त्या दिवशी मी ते तोंडात घातलं नाही.

उरलेलं लोणी दोन दिवसांनी कढवायला ठेवलं तेव्हा उलगडा झाला. त्याचा कढ संपेचना. तडतड, तडतड, ओट्यावर शिंतोडे. मनात शंका आली म्हणून दुसऱ्या खेपेला काट्यावर मोजून घेतलं: २५० ग्रॅम लोण्याचं तूप भरलं १७५ ग्रॅम. म्हणजे १०० ला ७०. पाकिटातल्या बटरचं ८० च्या आसपास भरतं. मी वजनाने बरोबर बटर घालत होते आणि त्यात गुपचूप वाटीभर ताकपाणी जात होतं. त्या पाण्यात साखर विरघळते, पीठ सैल पडतं, आणि मैदा आवळून धरायच्या आत सगळं वाहून जातं. तुमच्या कुकीज दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, तेही बहुधा त्यामुळेच.

मे महिन्यात हे जास्त होतं. लोणी घुसळतानाच इतकं मऊ येतं की गोळा धड दाबता येत नाही, ताक आतच राहतं. बर्फाच्या पाण्यात तीनदा धुऊन, गार परातीत दाबून दाबून पाणी काढता येतं. मी काढून बघितलंय. पण शंभर कुकीजसाठी आणि भावाच्या हळदीसाठी? माझं स्पष्ट मत, बटर विकत आणा. घरचं लोणी भाकरीवर घ्या, तिथे त्याला तोड नाही. विकतचं खारं असेल तर वरून मीठ घालू नका.

दुसरा मुद्दा उकाड्याचा. आपल्याकडे दुपारी ओट्यावर ठेवलेलं बटर निम्मं वितळलेलंच असतं. गोळे करा, खळगा पाडा, ट्रेसकट फ्रीजरमध्ये २० मिनिटं, तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. अर्थात वीज असेल तर. वळवाची सर आली की आमच्याकडे वीज जाते, आणि फोन केला तर "काम चालू आहे" एवढंच ऐकायला मिळतं. कुठलं काम, कुठे, किती वेळ, काही नाही. एकदा भाजता भाजता मध्येच गेली ती रात्री आली. म्हणून आता पहाटे पाचला ओव्हन लावते.

जॅम निर्दोष आहे असंही नाही. पिकल्या हापूसमध्ये पेक्टिन कमीच. अर्धा किलो रसाला ४०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, आणि रसाबरोबर थोडा कैरीचा कीस शिजवा, चांगला धरतो. फ्रीजमधल्या गार ताटलीवर थेंब टाकून बोट ओढा. रेघ मिटली नाही की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०५ अंश. माझ्यासारखं त्यापुढे जाऊ नका. करवंदं मिळाली तर त्यांचाही करून बघा, बिया गाळून. आंबटपणा बटरला छान जातो, आणि पिवळसर कुकीवर तो काळपट जांभळा ठिपका हापूसपेक्षा देखणा दिसतो (हे देवगडवाल्यांना सांगू नका).

जॅम सुरुवातीपासून भरू नका. १७० अंशांवर १० मिनिटं रिकाम्या भाजा. खळगा फुगून वर आलेला असतो, तो छोट्या मापाच्या चमच्याच्या पाठीने परत दाबा, अर्धा चमचा जॅम घाला आणि आणखी ५ मिनिटं. शिगोशीग भरलात तर उतू जाणारच.

ओटीजीत एका वेळी बारा मावतात, तेव्हा शंभर कुकीज एका दिवशी भाजायच्या भानगडीत पडू नका. रिकाम्या कुकीज पूर्ण भाजून, पूर्ण गार करून पत्र्याच्या घट्ट डब्यात आठवडाभर राहतात. हळदीच्या आदल्या दिवशी जॅम भरून पाच मिनिटं ओव्हनला दाखवा. कोमट असताना डब्याचं झाकण लावलंत तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

तुमच्या हातात अजून नऊ दिवस आहेत. आज रात्री १०० ग्रॅम लोणी कढवा आणि तूप किती भरलं ते इथे लिहा. ८० च्या आसपास भरलं तर माझं सगळं म्हणणं मागे, मग तुमच्या ओव्हनचं बघू.