चाळीस फुटांच्या गोलात तीन चेंडू

तुमचे प्रश्न दोन आहेत. कथेतल्या यानाचे सहा डेक तुम्ही काढलेत, पण जिने आणि कॉरिडॉर एकमेकांना भेटत नाहीत, तर काय करावं? आणि '२००१: अ स्पेस ओडिसी'मधल्या डिस्कव्हरी यानात जे जे आहे ते त्या पुढच्या गोलात खरंच मावतं का? आधी दुसरा प्रश्न घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच सापडेल.

कादंबरी आणि चित्रपट दोन्ही १९६८चे, पण मापं एक नाहीत. चित्रपटासाठी ३८ फूट व्यासाचा फिरता सेट बांधला होता, आणि सेट कॅमेऱ्याच्या सोयीने बांधतात. आराखडा जुळवायचा तर कादंबरीची मापं धरा, कारण कादंबरीकार आर्थर सी. क्लार्क हिशेबाला पक्के होते. यान जवळजवळ ४०० फूट लांब, पण माणसं राहतात ती फक्त ४० फूट व्यासाच्या गोलात. गोलाच्या मधोमध ३५ फूट व्यासाचा ड्रम, दहा सेकंदांत एक फेरी घेणारा, म्हणजे आतल्या कडेवर उभ्या माणसाला फिरण्यामुळे वजन जाणवतं. शिवाय यानाबाहेर पडायला तीन पॉड, म्हणजे छोटी वाहनं, प्रत्येकी साधारण नऊ फूट व्यासाचा गोळा.

ड्रमची रुंदी किती? फुटांत दिलेली नाही, पण मकरवृत्तापासून कर्कवृत्तापर्यंतचा पट्टा ड्रमने व्यापलाय असं म्हटलंय. म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे साडेतेवीस अंश. साइन लावली की रुंदी येते १६ फूट. कोसाइन लावली की त्या कडेला गोलाची त्रिज्या येते १८.३ फूट. ड्रमची साडेसतरा. दहा इंच उरले, त्यात बाहेरची भिंत आणि ड्रम फिरायला लागणारी फट. हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. शोभेसाठी घातलेली उपमा वाटते, आणि तीच निघते कामाचं ड्रॉइंग.

गुरुत्वही तपासा. या ड्रममध्ये चंद्राएवढं गुरुत्व जाणवतं असं कादंबरी सांगते. गणित केलं तर पायापाशी सेकंदवर्गाला २.१ मीटर येतं, चंद्रापेक्षा जास्त. उभ्या माणसाच्या डोक्यापाशी १.४, चंद्रापेक्षा कमी. चंद्राचा १.६२ हा आकडा बरोबर छातीच्या उंचीवर मिळतो. तुमच्या यानात फिरता भाग असेल तर 'इथे इतकं गुरुत्व' असं एकच लिहून थांबू नका. हातातून कप सुटला तर तो सरळ पायाशी पडणार नाही. मीटरभर उंचीवरून पडलेली वस्तू फिरण्याच्या उलट दिशेला जवळजवळ अर्धा मीटर सरकून पडेल. सहा फुटी पलंग परिघाच्या दिशेने टाकला तर वळलेल्या जमिनीमुळे त्याच्या मध्याखाली तीन इंचांची पोकळी राहते. तोच अक्षाला समांतर टाकला की नीट बसतो. आणि खोलीच्या समोरासमोरच्या भिंती वर जाताना जवळ येतात, कलिंगडाच्या फोडीसारख्या. आठ फुटांवर छत धरलं तर जमिनीवर दहा फूट असलेली खोली छतापाशी साडेपाच फुटांची होते. म्हणजे फर्निचर कुठे बसणार, ते भूमितीने आधीच ठरवलेलं असतं.

आता पॉड. इथे मी स्वतः अडकलो होतो. पिंगपाँगचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो. तो पॉड धरला तर गोल येतो १७.८ सेंटीमीटरचा. पुठ्ठ्यावर वर्तुळ काढलं, आतून दोन मिलिमीटर भिंतीसाठी सोडले (खऱ्या मापात साडेपाच इंचांच्या आसपास), मधोमध ड्रमचा आयत चिकटवला आणि उरलेल्या फोडीत तीन चेंडू ओळीने मांडले. मधला कुठेही सरकतो, पण कडेचे दोन भिंतीला टेकले की त्यांची पाठ ड्रममध्ये घुसते. दोन मिलिमीटरने! भिंतीला जाडी नसती तर ओळ कशीबशी मावली असती, मागे दोन इंचही उरले नसते. कागदावर पेन्सिलची रेघ म्हणजेच भिंत, त्यामुळे माझ्या पहिल्या तिन्ही ड्रॉइंगमध्ये ओळ झकास बसली होती.

मग चेंडू हातात घेऊन त्रिकोणात धरले. दोन खाली, एक वर. तसे ते गोलाच्या टोकाकडे आणखी आत सरकतात आणि मागे सात मिलिमीटर मोकळे राहतात, म्हणजे खरे एकोणीस इंच. एक माणूस आडवा होऊन तरंगत जाईल एवढे. सपाट सेक्शनमध्ये, म्हणजे कागदावर काढलेल्या छेदात, ही मांडणी मला सुचलीच नसती. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सगळं मावतं, पण पॉड त्रिकोणात ठेवले तरच. ओळच हवी असेल तर ड्रम अरुंद करावा लागेल, आणि रुंदीचा एक फूट कापला की राहायची ११० चौरस फूट जागा गेली.

पॉड एका टोकाला गेले की कंट्रोल रूम दुसऱ्या टोकाला टाकणं आलं, आणि दोन्हींमधली सोयीची वाट ड्रमच्या अक्षातून. कादंबरीत तिथे एक दांडा आहे, तो धरून हाताहाताने ड्रममध्ये शिरायचं. ड्रम थांबवायची वेळ आली तर त्याचा फिरण्याचा जोर साठवायला फ्लायव्हील, म्हणजे जड फिरतं चाकही सांगितलंय. त्याला जागा द्यायला विसरू नका, मी विसरलो होतो. कथाकार म्हणून तुम्हाला ही एकच वाट सोन्यासारखी आहे. एकमेकांशी बोलणं बंद झालेली दोन माणसं त्या दांड्यावर रोज समोरासमोर येणार.

आता तुमचे सहा डेक. तुम्ही पाठवलेल्या चित्रात ते बोटीसारखे लांबीच्या दिशेने आहेत आणि इंजिन मागे आहे. इंजिन चालू झालं की सगळी माणसं मागच्या भिंतीवर आदळतील. यान बराच काळ जोर लावत जाणार असेल तर मजले इमारतीसारखे, इंजिनाच्या डोक्यावर एकावर एक हवेत. तसे केलेत की तुमचे अर्धे कॉरिडॉर आपोआप निघून जातील आणि एकच उभी शिडी उरेल.

दुसरं, जागा सढळ धरलीय. डिस्कव्हरीचा अख्खा गोल भरतो सुमारे ९५० घनमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा हवाबंद भागही साधारण तेवढाच आहे, ९०० ते १००० घनमीटर. पण त्यातलं माणसांना वावरायला मिळतं ३९०च्या आसपास, बाकी सगळं यंत्रं, टाक्या आणि सामान खातं. तुमच्या चित्रात टाक्या कुठेच नाहीत. प्रत्येक डेकचा निम्मा भाग आत्ताच खोडा, नंतर खोडताना जास्त त्रास होतो.

कॉरिडॉर सध्या बाजूला ठेवा. यानातली सगळ्यात मोठी, वाकवता किंवा कापता न येणारी वस्तू कोणती, ते ठरवा. तिच्या मधून जाणारा एक सेक्शन काढा, भिंतींना जाडी द्या, आणि शक्य असेल तर पुठ्ठा कापून चेंडू, काडेपेट्या, जे मिळेल ते आत ठेवून बघा. तो सेक्शन मापांसकट इथे टाका. जिने कुठे भेटतात ते त्यावरून सांगतो.